अळीची कुंभारीण

किन्हीराजा
१८ नोव्हेंबर २०२४

निकू बाई,

बापाचं पत्र पाहून घाबरू नको, नवीन काही झालं नाही. शेजारच्या गोमतीबाईनं आपल्या फोनवरून तुले दोन डाव लावून पाह्यला, तूनं उचलला नाही. अन उचलला असता तरी काय उजेड पडनार होता? तू तिकून बोलशीन अन मी इकून 'आँ? आँ?' करीन. कानातलं मशीन आता नुस्ती शिट्टी मारते, ते काढून डब्यात ठेवून देल्लं. तवा म्हटलं, सातवी पास हावो आपन, सप्ताहात पोथी वाचनारा मानूस, चार ओळी तं लिवता येते. अक्षर वाकडं हाये. हसशीन तं हस.

राजू अन निताले जाऊन आज चाळीस दिवस झाले. वावरात वीज पडली त्या बुधवारपासून मले काही म्हनून काहीच होऊन नाही राह्यलं. भूक नाही, राग नाही, रडू नाही. तेरवीले आख्खं गाव रडे अन मी पाहत होतो का कढईतली बुंदी करपून तं नाही राह्यली. सकायी उठतो, चूल पेटवतो, चौघाचा सैपाक करतो. सवयच तशी. मंग दोघाच्या पोळ्या बैलापुढं टाकतो. बैल मस्त झाले.

मंजूचं सांगतो. तुह्या भावाची पोरगी चांगली हाये. तीन वर्साचं लेकरू, पयले आठ दिवस 'आबा, आई कुठी' म्हने. तेवढे ओठ मले वाचता येते. आता पुसत नाही. दुपारपर्यंत गोमतीबाईच्या अंगनवाडीत बसते, मंग घरी ती अन मी. मी सारखा तिच्या तोंडाकडं पाहत बसतो, कारन ती मांगून रडली तं मले काय समजते? लघवीले जातानी बी तिले संग नेतो, आता बोल.

आता खरी गोष्ट. आपल्या देवाच्या कोनाड्यावर, भिंतीले, कुंभारनीनं घर बांधाले घेतलं. ती पिवळी-काळी, बारक्या कमरेची माशी, मातीचे उलुसे उलुसे मडके करनारी. मडकं झालं का तुरीवरची हिरवी अळी उचलून आनते, आत कोंडते अन तोंड लिंपून टाकते. आपन त्या अळीपायी फवारे मारून थकलो अन ही बिनाफवाऱ्याची घेऊन येते. कीर्तनात सांगत ते आठवते का तुले? कुंभारीन मडक्यापाशी बसून गुनगुन करते, 'माह्यासारखी हो, माह्यासारखी हो.' आतल्या अळीले तिचाच ध्यास लागते, अन काही दिवसानं मडकं फोडून कुंभारीनच बाहेर निंगते. अळीची कुंभारीन होते. हे तिले कोनं शिकवलं? ना चाक, ना भट्टी, ना गुरू. कोनीतरी करनारा हाये निकू. अन तो हाये तं त्या बुधवारचं बी त्याच्या मनात काहीतरी असन. नसन तं मंग माहे दोन मानसं उगाच गेले का?

तुही माय कुंभारनीचं घर कोनाले मोडू देत नव्हती. घरात लेकरू येनार असलं का ती येते म्हने. तुले टोचाले नाही लिवून राह्यलो बाई. नऊ वर्स झाले तुह्या लग्नाले, मले माहीत हाये सारं. पन दुसऱ्याची अळी बी गुनगुन करून करून आपली होते, एवढंच म्हनतो. विनोदरावले इचार. घाई नाही.

तुहा बाप
जानराव


लांजा
३० नोव्हेंबर २०२४

बाबा,

पत्र मिळालं. फोन मी कोणाचाच उचलत नाही, गोमतीकाकूंना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. शाळेत जाते, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, घरी येते. विनोद काहीतरी विचारतात, मी 'हो' म्हणते, आणि मग कळतं की प्रश्न हो-नाहीचा नव्हताच. परवा त्यांनी विचारलं, भाजी कोणती आणू. मी म्हटलं, हो.

कुंभारणीचं खरं काय ते सांगू? ती अळीला डंख मारते. जिवानिशी मारत नाही, मेली तर सडेल. फक्त बधिर करते. मडक्याच्या आत वरच्या बाजूला एक बारीक धागा असतो, त्याला तिचं अंडं टांगलेलं असतं, आणि खाली या बधिर अळ्या. अंड्यातून तिचं पिल्लू निघतं, तेही अळीसारखंच, पांढरं. ते खालच्या हिरव्या अळ्यांना एकेक करून जिवंत खातं. त्यांना पळता येत नाही. खाऊन खाऊन तेच मोठं होतं आणि कुंभारीण होऊन बाहेर पडतं. हिरवी अळी कुंभारीण होत नाही, बाबा. हिरवी अळी तिच्या पिल्लाचं जेवण होते. आणि ती गुणगुण म्हणजे माती बसवताना पंख थरथरतात, त्याचा आवाज.

तिला कोणी शिकवलं नाही. लाखो वर्षं, ज्यांचं चुकलं त्यांची पिल्लं मेली, ज्यांचं जमलं त्यांची जगली. एवढंच. त्याला करणारा लागत नाही. आणि समजा असलाच, तर जितीजागती अळी कोंडून पिल्लाला खाऊ घालायची युक्तीही त्यालाच सुचली असणार. असल्या माणसाच्या हाती आपण घराची किल्लीसुद्धा देणार नाही, आणि तुम्ही राजू-निताचं मरण त्याच्यावर सोपवून मोकळे होताय.

मंजूचं मला विचारू नका. तेरवीच्या दिवशी ती येऊन माझ्या मांडीवर बसली, तुम्ही पाहिलंत. मला काय वाटलं सांगू? पायाला मुंग्या आल्या. एवढंच वाटलं. सख्ख्या भावाचं लेकरू मांडीवर, आणि मी पाय कधी सरळ करायला मिळतो ते बघत होते. असल्या बाईच्या हातात लेकरू देऊ नये. मलाच तो डंख बसलाय असं समजा. जिवंत आहे, खाते-पिते, पण आतून हलत नाही.

आईच्या त्या समजुतीचं लिहिलंत म्हणून सांगते. लग्नानंतर दर दिवाळीला मी माहेरी आले की आई मला हाताला धरून भिंतीवरची मडकी दाखवायची आणि माझ्या पोटाकडे बघायची. एका वर्षी तीन मडकी होती. ती खूप खूश होती. ते तुमच्या लक्षात नसेल, माझ्या आहे.

पोळ्या चौघांच्या करू नका. पीठ मोजून घ्या.

निकिता


किन्हीराजा
१५ डिसेंबर २०२४

निकू,

तुहं पत्र चार डाव वाचलं. कोकनात जाऊन तुही भाषा पुस्तकासारखी झाली, पन जिथं लागाचं तिथं बरोबर लागली.

मी शेतकरी मानूस. दुकानदार म्हनते बी चांगलं हाये, तरी मी ते ओल्या फडक्यात बांधून, मोड येते का पाहूनच पेरतो. तसं मी एक मडकं फोडलं. दाभनानं, एका बाजूनं, बोटाच्या नखाएवढं. देवाच्या कोनाड्यावर हात घालतानी तुह्या मायची माफी मांगतली. आत पाच हिरव्या अळ्या. ढोसल्या तं उलशाक वळवळल्या, पन पयाचा दम नाही. अन त्यातल्या एकीले एक पांढरी अळी चिकटेल. तू लिवलं तस्संच. चाळीस वर्स मी कीर्तनात पुढं बसून मान हालवली, अन बाप्पा, सांगनाऱ्यानं बी कधी मडकं फोडून पाह्यलं नाही अन ऐकनाऱ्यानं बी नाही!

मी त्या अळ्या काढून खाली टाकल्या, कोंबडीनं खाल्ल्या. मंग कुंभारीन आली, तोंडात मातीची गोळी. मले वाटलं आता चिडन, डसन मले. कायचं काय. तिनं आत डोकावून बी पाह्यलं नाही. भोकावर माती थापली, गुळगुळीत केली, अन गेली दुसरी गोळी आनाले. रिकामं मडकं लिंपून राह्यली होती ती निकू. तीन खेपा केल्या तिनं. मी पाहतच राह्यलो. ती रिकामं मडकं लिंपते अन मी मेलेल्या मानसाच्या पोळ्या करतो, दोघं सारकेच. तवा वाटलं, हिच्यामांगं खरंच कोनी शाहाना असता तं त्यानं तिले एवढं तं सांगतलं असतं, का बाई, आत काही नाही.

आता एक सांगतो जे मी कोनालेच सांगतलं नाही. त्या दिवशी राजू वावरात जातच नव्हता. आभाळ भरून आलं, इजा चमकून राह्यल्या होत्या, अन सोयाबीनची गंजी उघडी पडेल होती. राजू पायाळू, तुले माहीत हाये. पायाकडून जन्मलेल्या मानसावर वीज पडते म्हनून तुह्या मायनं त्याले लहानपनी आभाळ गरजलं का उंबऱ्याबाहेर पाय टाकू देल्ला नाही. तो ओसरीत उभा राहून मले हातानं सांगे, 'बाबा, थांबा जराक.' मी म्हटलं, 'पायाळू पायाळू करून किती दिवस बाईमानसासारखा घरात बसशीन? वर्साचं पीक भिजते तिकडं. जा, ताडपत्री टाकून ये.' त्याले बायकोसमोर लाज वाटली. तो गेला. ताडपत्रीचं दुसरं टोक धराले त्याच्यामांगं निता गेली. कडूनिंबाखाली सापडले दोघं. मले तं गडगडाट बी ऐकू आला नाही. भिंतीवरचं क्यालेंडर हाललं, तवा वाटलं कुठीतरी पडली.

म्हनून मले करनारा पायजे होता बाई. तो असला तं हे त्यानं केलं. तो नसला तं मी केलं. तूनं त्याले काढून टाकलं, आता मी एकटाच उरलो.

पोथी फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. देवापुढं दिवा लावत नाही.

मंजूची चिंता करू नको. निताचा भाऊ अमरदीप शेलूबाजारले जीप चालवते, तो संक्रांतीनंतर तिले घेऊन जातो म्हने. त्याची बायको बी राजी हाये. तवा तू मोकळी.

बाबा


किन्हीराजा
२६ डिसेंबर २०२४

निकिता,

मी गोमतीबाई, तुमच्या शेजारची, अंगनवाडीवाली. तू फोन घेत नाही म्हनून लिवून राह्यली. पत्ता तुह्या बाबाच्या जुन्या पाकिटावरून घेतला, त्यायले सांगतलं नाही.

जानरावभाऊनं तुले काय लिवलं ते मले माहीत नाही. पन शेलूबाजारचं लिवलं असन तं ते खोटं हाये. अमरदीपची बायको दिवाळीत आली तवाच तोंडावर नाही म्हनून गेली. मी तिथंच होती.

परवा मंजू टिनाच्या कोठीत पडली. पोत्यावर चढून आत वाकली, पडली, अन वरून झाकन बसलं. तुहे बाबा पाच हातावर होते. ओसरीत पाठ करून बसले होते, त्या भिंतीवरच्या मातीच्या घराकडं पाहत. मी वाटी वापस कराले आली तं कोठी आतून धाडधाड वाजून राह्यली अन हा मानूस गोट्यासारखा बसेल. मी झाकन काढून पोरीले वर घेतलं. घामानं निथळत होती, रडून रडून आवाज बसला होता तिचा. किती येळ आत होती, देव जाने. भाऊच्या खांद्यावर हात ठेवला तवा ते वळले. पोरीकडं पाह्यलं, कोठीकडं पाह्यलं.

तवापासून त्यायनं सुतळी घेतली. एक टोक पोरीच्या कमरेले, दुसरं आपल्या मनगटाले. दोघं दिवसभर तसेच हिंडते. तिनं ओढलं का त्यायले समजते. गाव हसून राह्यलं. मले काही हसू येत नाही. म्हाताऱ्यानं करावं तरी काय?

तू शिकेल-सवरेल हायेस, तुले मी काय सांगावं. पन वासरू बांधते तसं लेकरू किती दिवस बांधनार?

गोमतीबाई


लांजा
३ जानेवारी २०२५

बाबा,

गोमतीकाकूंचं पत्र काल आलं. त्यांच्यावर रागवायचं नाही. कोठीचं कळलं, सुतळीचं कळलं, शेलूबाजारचंही कळलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. खोटं लिहिता येतं हे नवीन आहे.

तुमच्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, ते रागावून नाही. राजू 'थांबा जराक' म्हणाला ते वाचलं, पत्राची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. रोज शाळेत न्यायची, रोज परत आणायची. मग आठवीला विजेचा धडा आला. शिकवला. फळ्यावर ढग काढला, जमीन काढली, मध्ये एक झाड काढलं. पोरं वहीत उतरवून घेत होती. तेव्हा डोक्यात आलं की हे मी पस्तीस पोरांना सांगतेय आणि बाबांना सांगितलं नाही.

तर ऐका. वीज पायाळू ओळखत नाही. तिला जमिनीत उतरायला वाट हवी असते, आणि उघड्या वावरात जे सगळ्यात उंच असेल त्यातून बहुतेक ती वाट काढते. आपल्या वावरात तो एकच कडूनिंब. राजू डोक्याकडून जन्मला असता तरी हेच झालं असतं. निता कुठे पायाळू होती? मग ती कशी गेली? पाऊस आला म्हणून दोघं झाडाखाली गेले, सगळं गाव जातं तसे. दर वर्षी मी आठवीला सांगते, वीज चमकत असताना झाडाखाली उभं राहू नका. बारा वर्षं सांगतेय. सख्ख्या भावाला एकदाही सांगितलं नाही. सुट्टीत आले, भाऊबीज झाली, गप्पा झाल्या, पण हे काही बोलले नाही. आता तुम्हीच सांगा, कोणी मारलं त्यांना?

तुम्ही लिहिता, तो नसला तर तुम्ही एकटे उरलात. असं नाही हो बाबा. तो नसला तर शिक्षा करणाराही नाही. कोणी कोणावर डूख धरून बसलेला नाही. वीज होती, झाड होतं, आणि आपली दोन माणसं तिथे होती. तुम्ही त्यांना ताडपत्री टाकायला पाठवलंत, मरायला नाही. हे तुम्हाला एका वाचण्यात पटणार नाही. पुन्हा वाचा.

आणि मागच्या पत्रात मी कुंभारणीचं लिहिलं ते सगळं खरं होतं, पण लिहिताना मला तुम्हाला दुखवायचं होतं. मला काही दुखत नव्हतं, तेव्हा निदान कोणाला तरी दुखावं असं झालं होतं. माझं चुकलं.

मंजूला मी नेते. विनोदना विचारलं तर म्हणाले, 'मी दिवाळीपासून हेच म्हणतोय, तू नुसती हो-हो करत होतीस.' संक्रांतीच्या दोन दिवस आधी येते. मात्र एक आधीच सांगून ठेवते. मला अजूनही काही वाटत नाही. माया दाटून आली म्हणून नेत नाहीये. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला येतं, म्हणून नेते. तिला जेवू घालीन, न्हाऊ घालीन, शाळेत घालीन, औषध पाजीन. माया आधी लागते, की हात चालत राहिले की मागाहून येते, मला माहीत नाही. त्या कुंभारणीला तरी माती वाहताना काय वाटत असेल?

दिवा लावायचा तर लावा. माझ्यासाठी विझवून ठेवू नका.

निकिता


किन्हीराजा
९ फेब्रुवारी २०२५

निकू बाई,

तुमी सुखरूप पोचले हे गोमतीबाईनं पाटीवर लिवून दाखवलं. पोरीचं झबलं एक इथंच राह्यलं, वाळत होतं. धाडून देऊ का, का लहान झालं असन?

इकडचं सांगतो. तूर निंगाली, हरभरा घाट्यावर हाये. गेल्या आठवड्यात जे मडकं मी फोडलं नव्हतं त्यातून कुंभारीन निंगाली. दुपारी ओसरीत बसलो होतो. मडक्याले आतून भोक पडलं. पयले डोकं, मंग पाय, मंग ती बारकी कंबर. भिंतीवर बसून पंख वाळवले, अन भुर्रकन गेली वावराकडं. ती आत काय खाऊन वाढली हे आता मले माहीत हाये. माय नाही, बाप नाही, जन्मली तं आजूबाजूले अंधार, तरी तिले सारं येते. मले नवल वाटलंच. तू म्हनतं याले मालक नाही. नसन. पयले मी मालकाकडं पाहून नवल करो. आता मालक बाजूले ठेवून पाह्यलं, तरी नवल तेवढंच भरलं, उलसंक बी कमी नाही झालं. मंग मालक हाये का नाही, यानं माह्यं काय अडलं होतं, तेच मले उमगत नाही. दिवा लावतो. पोथी माळ्यावरच हाये.

इजेचं तूनं लिवलं ते रोज वाचतो. सकायी पटते. झाक पडली का नाही पटत. राजूचं ते 'थांबा' दिसते. पन सकायी पटते हे बी काय थोडं हाये? पयले तं सकाय बी नव्हती.

सैपाक आता एका मानसाचा करतो. लय कठीन काम हाये बाप्पा, एका मानसाचा सैपाक. मीठ जास्तच होते.

आता ज्याच्यासाठी पत्र घेतलं ते इचारतो. तुमी निंगाले त्या दिवशी ष्ट्यांडवर मी खाली उभा, अन मंजू खिडकीत. आत बसली तोवर शांत होती, बिस्कीट खात होती. गाडी हालली अन पोरीनं दोन्ही हात काचीले लावले, तोंड उघडलं अन काहीतरी म्हटलं. एक डाव नाही, लय डाव. तिचे ओठ मले वाचता येते, पन काच मळेल होती अन गाडी वळली. 'आई' म्हने का? पानी मांगे का? का मले बोल लावे, का बुढ्यानं आपल्याले काढून देल्लं? तीन हप्ते झाले, दुसरं काही डोक्यातच येत नाही. राजूनं हातानं सांगतलं ते मले समजलं होतं अन मी ऐकलं नाही. हिनं तोंडानं सांगतलं ते समजलंच नाही.

तू तिच्या बाजूले होती. तुले कान हायेत. ती काय म्हने ते लिव. जे असन ते लिव, गोड करून लिवू नको.

तुहा बाप


लांजा
२० फेब्रुवारी २०२५

बाबा,

मंजू बरी आहे. झबलं धाडू नका, लहान झालं. भात खात नाही, भाकर मागते. मासळीचा वास आला की नाक दाबून 'छी बाप्पा' म्हणते, त्यावर शेजारच्या बायका तिला मुद्दाम बोलतं करून हसत बसतात. मला आत्या म्हणते. विनोदना काहीच म्हणत नाही, नुसती त्यांच्या पाठीवर चढते. परवा तिला ताप होता, रात्रभर तिनं माझं बोट सोडलं नाही, आणि पाय सरळ करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

तुम्ही जे विचारलंत ते मी तुम्हाला पोचल्या पोचल्या लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

गाडी हलली तेव्हा मी तिकीट काढत होते. ती आई म्हणत नव्हती. पाणीही मागत नव्हती. आधी तुमच्याकडे बघून ओरडली, मग कंडक्टरकडे वळून, मग ड्रायव्हरकडे बघून, इतक्या जोरात की पुढच्या सीटवरच्या बायका मागे वळल्या. मी तिला 'गप बस' म्हणाले. हो बाबा, मी तिला गप बस म्हणाले. कान असून तुमच्यापेक्षा बहिरी. आपलं मालेगाव येईपर्यंत ती तेच तेच म्हणत राहिली, मग आवाज बारीक होत गेला आणि झोपली. ती झोपली आणि मला रडू फुटलं. ऑक्टोबरपासूनचं, सगळंच्या सगळं. कंडक्टरनं येऊन विचारलं, ताई, काही हरवलं का. मेहकरपर्यंत मी रडत होते. राजू गेला, निता गेली, हे मला त्या गाडीत कळलं.

लाज याची की, जे मी म्हणायला हवं होतं ते तीन वर्षांच्या पोरीनं म्हटलं. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नव्हतं. वावर कोण पाहील म्हणाल, असं स्वतःच ठरवून मोकळी झाले होते. आता विचारत नाही, सांगते. हरभरा घरात आला की वावर कोणाला तरी ठोक्यानं करायला द्या. बैल गोमतीकाकूंच्या भाच्याला द्या, तो नीट ठेवेल. विनोद मार्चअखेर तुम्हाला न्यायला येतील. पोथी आणा, कुंभारणी इथेही आहेत, भांडायला मी आहे.

ती म्हणत होती, 'आबा खाली राह्यला. गाडी थांबवा ना, आबाले घ्या.'

निकू